दारावर वाद घालायचा नाही

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत होती आणि तो वर चढत होता. नियमाप्रमाणे हे व्हायला नको होतं.

जिन्याला नुकताच रंग दिलेला होता. कठड्याला अंग लागू नये म्हणून दोघंही मधूनच चालत होते, त्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी बाजूला होणं भाग होतं. ती झाली. भिंतीला टेकली आणि मग तिला आठवलं, रंग भिंतीलाही आहे.

"घर बघायला?" बाही झटकत तिने विचारलं.

"हो. तिसऱ्या मजल्यावर ना?"

"जा, जा. छान आहे. दोन्ही खोल्यांत उजेड आहे. मालकीणबाईही बोलायला बऱ्या आहेत."

"म्हणजे तुम्ही घेतलंत वाटतं?"

"छे हो, विचार करून सांगते म्हणाले. तुम्हाला आवडलं तर तुम्ही घ्या."

तो हसला आणि वर गेला. तिने निघून जायला हवं होतं. पण बाहीवर पिवळा पट्टा उमटला होता आणि फाटकाशी उभी राहून ती तो रुमालाने पुसत बसली. पट्टा निघायच्या आत तो खाली आला.

"इतक्यात?"

"गेलं म्हणे."

"काय गेलं?"

"घर. कालच गेलं म्हणाल्या. नाव सांगितलं आणि... गेलं."

"काल कसं जाईल? मला आत्ता म्हणाल्या, महिनाअखेरीपर्यंत कधीही या."

तो तिच्या बाहीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"तुम्ही नोकरी कुठे करता?" त्याने विचारलं.

"विमा कंपनीत. हिशेब विभाग."

"मीही."

"अय्या! कुठल्या..."

"मिस्टर पुढच्या महिन्यात येणार आहेत का तुमचे?"

"हो," ती म्हणाली. "बदली होऊन."

"आमची मंडळीही पुढच्या महिन्यातच. बदली होऊन. मूल नाही."

"आम्हालाही नाही."

"कुत्रं, मांजर?"

"नाही. गाडी नाही, पण..."

"दुचाकी आहे," दोघं एकदम म्हणाले.

खरं तर दोघांकडेही दुचाकी नव्हती. नवरा नव्हता, बायको नव्हती, विमा कंपनीही नव्हती. दोघं एकाच प्राध्यापकांच्या हाताखाली काम करत होते, दोन वेगवेगळ्या इमारतींत, आणि आजवर एकमेकांना भेटले नव्हते. ते भेटू नयेत अशीच व्यवस्था होती.

त्या प्राध्यापकांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बुटक्या, डाव्या कानाने कमी ऐकणाऱ्या, खिशात कायम पेन्सिल. शहरात कुणाला भाड्याने घर मिळतं आणि कुणाला मिळत नाही, हे बाईंनी आयुष्यभर मोजलं होतं. पद्धत साधी होती. एकाच दारावर दोन माणसं पाठवायची, थोड्या वेळाच्या अंतराने. दोघांची नोकरी सारखी, पगार सारखा, कुटुंब सारखं, सगळं कागदावर ठरवलेलं. फरक फक्त नावाचा. ज्या नावाला शहरात अडचण येत नाही तो 'अ'. ज्या नावाला येते तो 'ब'. दोघांनी बाहेर पडल्यावर आपापलं लिहायचं आणि मगच कुणाशी बोलायचं. दारावर वाद घालायचा नाही. घर गेलं म्हणाले तर हसून 'बरं' म्हणायचं आणि खाली उतरायचं.

ती अ होती. तो ब होता.

दुपारी दोघांनी बाईंच्या खोलीत जाऊन जिन्यातला प्रकार सांगितला. बाईंनी पेन्सिल काढली.

"ही पाहणी बाद," त्या म्हणाल्या. "दोन कारणांनी. एक, तुम्ही जिन्यातच गप्पा मारल्यात. दोन, तुम्हाला एकत्र पाठवलंच कुणी? तुझ्याबरोबर दुसरी मुलगी जाणार होती."

"तिला ताप आला," तो म्हणाला. "ऑफिसातून मला पाठवलं."

"बाईमाणूस आणि पुरुष अशी जोडी नसते. नाकारलं तर नावामुळे नाकारलं की पुरुष म्हणून, हे मला कसं कळणार? तुमची जोडी होऊच शकत नाही."

"बाई," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "होऊच शकत नाही म्हणजे... कायमचीच?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. मग उजवा कान पुढे करून म्हणाल्या, "काय म्हणालास? मला नीट ऐकू आलं नाही." त्यांना ऐकू आलं होतं.

*

पुढच्या आठवड्यापासून ती दोघं विद्यापीठामागच्या चहाच्या दुकानात भेटू लागली. एकत्र पाहणीला जाणार नव्हती, तेव्हा भेटायला हरकत नव्हती.

तो तिला 'अ' म्हणे. ती त्याला 'ब'. दुकानदाराला वाटे, ही दोघं शाळेत शिकवतात.

"ब नेहमी नंतरच का येतो?" एकदा ती उशिरावरून चिडून म्हणाली.

"बारा वाजता घर मिळत नाही आणि पाच वाजता बस मिळत नाही. पलीकडे राहणाऱ्याची हीच तऱ्हा."

पलीकडे म्हणजे कालव्याच्या पलीकडे. शहरातली ब नावाची बहुतेक माणसं तिकडे राहत. बाईंच्या कामाचा दुसरा अर्धा भाग तिकडचाच होता – कोणता वॉर्ड किती घरपट्टी भरतो आणि त्याच्या वाट्याला पाणी, दिवे, रस्ते किती येतात. हे आकडे तो जुळवत असे. महापालिकेचं म्हणणं, पलीकडची घरपट्टी कमी, म्हणून सोयी कमी. बाईंचं म्हणणं, "आधी अलीकडची दारं बंद करायची आणि मग विचारायचं, तुम्ही पलीकडे का राहता?"

"आमच्याकडे दिवे आहेत बरं का," तो सांगे. "लागतातही. फक्त सकाळी."

ती हसे. हसताना कप खाली ठेवायची तिला सवय होती. चहा सांडतो म्हणून. ही सवय त्याच्या लक्षात आली होती, हे तिला नंतर कळलं.

एक दिवस त्याने दोन कागदी रुमाल ओढले आणि एक तिच्यापुढे सरकवला.

"नियमाप्रमाणे करू या. आधी दोघांनी वेगवेगळं लिहायचं. मग बोलायचं."

"कशाबद्दल?"

"समोरच्या पार्टीबद्दल."

तिने हाताच्या आडोशाने लिहिलं. त्यानेही. मग रुमालांची अदलाबदल झाली.

तिने लिहिलं होतं, 'चहात साखर घालायला विसरतो आणि तसाच पितो. मी बोलत असताना खाली बघतो. माझं बोलणं संपलं की वर बघतो, आणि मग मला काय बोलले ते आठवत नाही.'

त्याने लिहिलं होतं, 'वागणूक सौजन्याची. जागा हवेशीर. हसताना कप खाली ठेवतात. पुन्हा भेट द्यावीशी वाटते.'

"जागा हवेशीर?" ती म्हणाली. कान तापले होते. "मी काय खोली आहे?"

"मला नेहमीचे शब्द सुचले. मेला एवढा सराव झालाय..." त्याने स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारली. "राहायला आवडेल, असं लिहायचं होतं."

रस्त्यावर बारीक पाऊस पडत होता आणि दुकानाच्या छपरावरून पाण्याची एकच धार त्यांच्या टेबलाच्या कडेला लागत होती. दोघांपैकी कुणी टेबल हलवलं नाही.

मग ते फिरत. 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी दिसली की थांबत. आत जायचं नाही, फक्त खिडक्या बघून ठरवायचं – इथे तुझं टेबल, इथे माझी पुस्तकं. अशाच एका पाटीखाली तो म्हणाला, "एक शंका आहे. आपण दोघांनी मिळून घर मागितलं तर आपल्याला अ धरतील की ब?"

तिला प्रश्न कळायला क्षणभर लागला. कळला तेव्हा तिने पाटीकडेच बघत उत्तर दिलं.

"मोजून बघू."

त्यांचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून एका बाजूने बाईंनी सही केली, दुसऱ्या बाजूने त्याच्या आईने. आईने सुनेला जवळ घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे पाणी रोज येतं का गं?" तिने हो म्हटल्यावर आई म्हणाली, "मग आमच्याकडे येऊ नकोस बाई. तिकडेच कुठेतरी बघा दोघं." त्याच्या घरी दोन खोल्या होत्या आणि त्यांत आई, बहीण, मेव्हणे. लग्नानंतरही ती वसतिगृहातच राहिली आणि तो आईकडे. घर मिळेपर्यंत.

*

उत्तर लवकरच मिळालं. ब.

पाटी असायची, खोली रिकामी असायची, मालक दारात यायचे. नाव विचारायचे. मग कुणाचा भाचा येणार असायचा, कुणाचं काम निघालेलं असायचं, कुणी फक्त "कळवतो" म्हणायचे. प्रत्येक दारावर तो हसून "बरं" म्हणे आणि खाली उतरे. ती त्याच्यामागून. सुरुवातीला उतरताना तो मालकांच्या नकला करी. पुढे त्या बंद झाल्या. 'बरं' मात्र तेच राहिलं, त्याच सुरात. आपला नवरा हे पगारी काम म्हणून करत होता आणि आता फुकट करतोय, असं तिच्या मनात यायचं.

एकदा एका एजंटने तिला बाजूला घेतलं. "ताई, राग मानू नका. तुमच्या एकटीच्या नावावर बघा की. ह्यांना मागाहून आणा. एकदा सामान लागलं की कोण काढतंय?"

तिने तो किस्सा त्याला विनोद म्हणून सांगितला. तो हसला नाही.

"तू काय म्हणालीस त्याला?"

"काय म्हणणार? बरं म्हटलं."

याच सुमारास बाईंच्या निवृत्तीचा दिवस ठरला. विद्यार्थ्यांनी गौरव समारंभ करायचं ठरवलं. बाईंनी आधी नाही म्हटलं, मग अटी घातल्या – फुलं नकोत, भाषणं छोटी, आणि पाहण्या करणाऱ्या मुलांपैकी दोघांना मंचावर बसवा. कोण ते बाईंनीच सांगितलं. "ती बाद झालेली जोडी."

समारंभाला आठवडा असताना तिला घर मिळालं.

शांत गल्ली, तिसरा मजला, पूर्वेची खिडकी. मालकीण म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तळमजल्यावर एकट्या राहत, मुलगा परगावी. ही त्यांना पहिल्या भेटीतच आवडली. "मला काकूच म्हण," त्या म्हणाल्या. जुनं लिहायचं टेबल पडून आहे, ते वापर म्हणाल्या. घरात कोण कोण, असं त्यांनी विचारलं.

"मी आणि मिस्टर. ते बाहेरगावी आहेत. पुढच्या महिन्यात येतील. मूल नाही."

शब्द आपोआप आले. ते तिला पाठ होते. आपण काय बोललो हे तिला बाहेर रस्त्यावर आल्यावर कळलं, आणि तेव्हा तिच्या मुठीत दोन किल्ल्या होत्या.

रविवारी सकाळी ती दोघं सामान घेऊन आली. सामान थोडंच होतं, दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक मोठं खोकं. खोकं त्याने खांद्यावर घेतलं होतं.

"काकूंना सांगितलंस ना?" जिना चढताना त्याने विचारलं.

"सांगितलंय. नवरा आहे म्हणून."

"नवऱ्याला नाव असतं."

"सांगते रे. आधी त्यांना आपली सवय तर होऊ दे."

"आपली की तुझी?"

ती उत्तर देणार होती. पण काकू हातात पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग वर आल्या. नव्या बिऱ्हाडाला पाणी द्यायला. दारात थांबल्या, त्याच्याकडे बघितलं, कौतुकाने नाही, रागानेही नाही. नुसतं बघितलं.

"हे कोण गं?"

दार उघडं होतं. खिडकीतून ऊन थेट फरशीवर पडलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. खोक्यामुळे त्याची मान एका बाजूला कललेली होती आणि त्या तिरक्या मानेने तो तिच्याकडेच बघत होता. वाट बघत होता.

"हे..." ती म्हणाली. "सामानाच्या मदतीला आलेत."

काकूंनी मान डोलावली. "असं होय. अरे, ते आत ठेव बाबा, खिडकीखाली. जपून हं, भिंतीला घासू नकोस, रंग नवा आहे."

"बरं," तो म्हणाला.

त्याने खोकं खिडकीखाली ठेवलं. भिंतीला घासू दिलं नाही. बॅगा आत आणल्या, भिंतीपासून हातभर लांब ठेवल्या. काकूंनी कनवटीचं पाकीट काढलं आणि एक नोट पुढे केली. "घे, चहा घे."

"नको काकू," तो म्हणाला. आवाज शांत होता, नेहमीचा. "ताईंनी दिलेत."

आणि तो खाली उतरला.

ती लगेच मागे धावली असती. पण काकू पाण्याबद्दल सांगत होत्या, पाणी चोवीस तास असतं, गच्चीवरची टाकी मोठी आहे, कपडे वाळत घालायला दोरी कुठे बांधायची... आणि ती हसून मान हलवत होती. दारावर काय करायचं हे तिला शिकवलेलं होतं. ती खाली पोचली तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं.

*

आठवडाभर तो कामावर आला. तिच्याशी बोललाही. खुर्च्या किती लागतील, माईक कोण बघणार, बाईंना जिना चढवायचा की मागच्या दाराने आणायचं. ती दुसरं काही बोलायला गेली की तो म्हणे, "समारंभ होऊ दे." त्या घरात ती एकटी झोपत होती. खोकं खिडकीखाली तसंच होतं. तिने ते उघडलं नाही.

शनिवारी संध्याकाळी महापालिकेच्या सभागृहात समारंभ झाला. अध्यक्ष माजी महापौर होते. बाईंचा घरपट्टीचा अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत कपाटात गेला होता आणि बाहेर आला नव्हता. ते म्हणाले, "बाईंचं कार्य घराघरांत पोचलं आहे." मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घरात घेतलं की नाही ते सांगा!" सभागृह हसलं. महापौरही हसले. त्यांना वाटलं, आपलं वाक्य जमलं.

मग तो उठला. त्याने जिन्यातली गोष्ट सांगितली. विमा कंपनी, बदली होऊन येणारी मंडळी, दोघांनी एकदम म्हटलेलं 'दुचाकी आहे'. लोक खदखदून हसत होते. बाई रुमालाने डोळे पुसत होत्या. मंचावर तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि समोर माईकवर तो तिच्याबद्दल इतकं गोड बोलत होता, की आठवड्यापूर्वीचा रविवार आपल्या स्वप्नात घडला असावा असं तिला वाटलं.

"बाईंनी आम्हाला एकच शिकवलं," शेवटी तो म्हणाला. "दारावर वाद घालायचा नाही. मी अजून घालत नाही." टाळ्या पडल्या. तो येऊन बसला, तिच्या शेजारी, आणि त्याने समोर बघितलं.

तिचं भाषण पुढे होतं. ती तीन वाक्यं बोलली आणि तिने आभार मानले.

बाई शेवटी बोलल्या. "मला सगळे विचारतात, तुमच्या कामामुळे कुणाला घर मिळालं का. मला माहीत नाही. मी दारं मोजली. दारामागचं मला मोजता आलं नाही. आता वेळ संपली. तुम्ही आलात, बरं वाटलं." आणि त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना थोडा वेळ कळलं नाही.

चहाच्या वेळी तिने त्याला बाहेरच्या व्हरांड्यात गाठलं. आत कप वाजत होते.

"उद्या सकाळी मी काकूंना सांगणार आहे," ती म्हणाली.

"काय?"

"की तू मदतीला आला नव्हतास."

"मदतीलाच आलो होतो. खोकं जड होतं."

"असं बोलू नकोस ना..."

"कसं बोलू? तू सांग. तुला सगळं पाठ असतं."

तिचे डोळे भरून आले. त्याने बघितलं आणि तो जरा मऊ झाला, पण तेवढ्यापुरताच.

"मी सांगते त्यांना," ती पुन्हा म्हणाली. "मग बघू त्या काय म्हणतात ते."

"अ," तो म्हणाला. आठवड्यानंतर पहिल्यांदा त्याने तिला तशी हाक मारली. "त्या काय म्हणतील ते मला पाठ आहे. सगळ्या शहराचं उत्तर मला पाठ आहे. तुझं तेवढं माहीत नव्हतं."

तिने पिशवीतून दुसरी किल्ली काढून त्याच्यापुढे धरली.

"ही तुझी आहे."

"कुणाच्या नावाने?"

"तुझ्या."

त्याने किल्ली घेतली, उलटसुलट करून बघितली आणि खिशात टाकली. तो 'बरं' म्हणाला नाही. कालव्याकडे जाणारी बस आली होती.

ती परत आत आली तेव्हा बाई खुर्चीत एकट्याच बसल्या होत्या. लोक माजी महापौरांबरोबर फोटो काढत होते. तिने बाईंच्या उजव्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. बाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"मला सवय लागली होती, बाई. तोंडातून आपोआप गेलं."

"सवय मी लावली," बाई म्हणाल्या. खिशातली पेन्सिल चाचपली, बाहेर काढली नाही. "पण पाहणीत आपण आधी विचारतो, मग लिहितो. तू त्या काकूंना विचारलंच नाहीस. उत्तर आधी लिहून मोकळी झालीस."

*

रविवारी सकाळी ती तळमजल्यावर गेली. काकू भाजी निवडत होत्या.

"काकू, त्या दिवशी खोकं घेऊन आले होते ना, ते माझे मिस्टर."

काकूंचा हात थांबला. "अगं, मग तू तसं का म्हणालीस?"

ती निवडलेल्या भाजीकडे बघत राहिली.

"मी काही बोलले होते का तुला?"

"नाही."

"मी त्या माणसाला पैसे द्यायला निघाले गं. तुझ्या नवऱ्याला. माझी काय शोभा झाली ती... आणि त्याची?" त्यांनी भाजी बाजूला सारली. मग विचारलं, "नाव काय त्याचं?"

तिने सांगितलं. पूर्ण सांगितलं, आडनावासकट.

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "मुलाला विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

सोमवारी तिने दारावरच्या पाटीचं काम दिलं. रंगाऱ्याने विचारलं, "दोन नावं आहेत. वर कुणाचं?"

"ब चं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

तिने कागदावर लिहून दिलं. त्याचं वर, तिचं खाली.

पाटी बुधवारी लागली. त्याच संध्याकाळी तिने पलीकडे त्याच्या आईकडे फोन केला. आई म्हणाली, "तो अजून आला नाही गं. निरोप देते. पाणी येतंय ना तुझ्याकडे?"

काकू जिन्यात भेटतात. बोलतात. टेबल परत मागितलेलं नाही, मुलाचं काय म्हणणं पडलं तेही सांगितलेलं नाही. खोकं खिडकीखाली बंद आहे. पाटी दारावर आहे. दुसरी किल्ली त्याच्याकडे आहे. ती त्याने परत केलेली नाही आणि वापरलेलीही नाही.